हाताच्या मापाचं रीळ

माझ्या नवऱ्याची छाती रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्याने खाल्ली. सरकारने जमिनी घेतल्या त्याच्या बदल्यात नोकरी मिळाली, म्हणून घरात पेढे वाटले होते. काही वर्षांतच तो अंगणातून उंबऱ्यापर्यंत आला तरी धापा टाकायला लागला. ठाण्याच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि मला बाहेर बसवून त्याला एकट्यालाच काय ते सांगितलं. बाहेर येऊन तो म्हणाला, औषधं दिलीत. मी पुढे विचारलं नाही. विचारलं की ते खरं होईल, अशी भीती वाटत होती.

कारखाना सुटला, आणि होडीवरचं जाळं त्याला ओढवेना. तळवलीच्या अलीकडे खाडीला मातीचा बांध होता, तिथे बसून गळ टाकीन म्हणाला. माझा भाऊ बोटीवर कामाला होता, त्याने मासे धरायची परदेशी काठी आणून दिली होती. तिचं रीळ, म्हणजे तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळायचं चाक, वाटेत कुणीतरी ढापलं होतं, म्हणून काठी माळ्यावर पडून होती. मला तो साहेबलोकांचा रिकामा उद्योग वाटायचा. पण दिवसभर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून राजी झाले. हट्ट एकच धरला, रीळ लहानात लहान घ्यायचं. पाण्याचा तांब्या उचलताना ज्याचं मनगट थरथरतं, त्याने लोखंडाचा गोळा कशाला धरायचा?

काठी घेऊन आम्ही बसने मुंबईला गेलो. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत गळ-दोऱ्यांचं दुकान होतं. दुकानदार म्हातारा, पण घाई न करणारा. रीळ नुसतं डोळ्यांनी बघून घ्यायचं नसतं, म्हणाला. मोठं रीळ समुद्रासाठी, त्यात जाड तंगूस भरपूर मावतो, पण खाडीकाठी ते नुसतं ओझं. मग एकेक रीळ काठीला लावून, रिळाच्या जरा पुढे काठीखाली बोट धरून त्याने दाखवलं. मोठ्या रिळाने काठी मागे कलली. मधल्याने सरळ राहिली. लहानाने शेंडा थोडा खाली गेला, पण माणूस अशक्त असेल तर तेवढं चालतं, म्हणाला. हे तो माझ्या नवऱ्याकडे न बघता बोलला, याबद्दल मी मनात त्याचे आभार मानले.

लहान रीळ नवऱ्याच्या हातात छान बसलं. त्याने रिळाची दांडी फिरवली, धाप लागली नाही. चला, एक काम झालं, असं म्हणून मी पिशवी उघडली. तेवढ्यात त्याने काठी माझ्या हातात दिली आणि फिरव म्हणाला. मला वाटलं, थट्टा करतोय. मी फिरवली. माझी बोटं मासळी कापून-कापून जाडजूड झालेली, ती दर फेरीला काठीवर आपटायला लागली. त्याने मधलं लावायला सांगितलं. ते अलगद फिरलं. हेच द्या, म्हणाला.

मी भडकले. हे तुम्हाला पेलणार नाही, लहानच घ्या, असं भर दुकानात सुनावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दुकानदाराला म्हणाला, "मना नको. हिचे हाताला बगा."

दुकानदाराने मान खाली घालून रीळ कागदात गुंडाळलं.

आमच्याकडे बाई मासळी विकते, सुकवते, चिखलात हात घालून चिंबोऱ्या काढते, पण जाळ्याच्या होडीत पाय ठेवत नाही. नवरा गेला की तिने काठावर उभं राहायचं, दुसऱ्यांच्या होड्या येईपर्यंत, आणि सगळ्यांनी उचलून उरलेलं टोपलीत घ्यायचं. माझ्या आईचा जन्म त्यात गेला. बांधावरून गळ टाकायला मात्र बाईला कुणी मनाई केलेली नव्हती. तशी बाई कुणी पाहिलीच नव्हती, तर मनाई कोण करणार?

परतताना बस वाशीच्या पुलावर आली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "जित्तेपनीच मना रांडाव केली तुमी."

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "तुजी आयस बगलीय मी काठावर उभी. तू नको तशी उभी राहू."

त्यानंतर थंडीभर तो कांबळं पांघरून बांधावर बसायचा आणि मला शिकवायचा. कोळंबी गळाला कशी लावायची, तंगूस केव्हा सोडायचा, तांबासारखा जोरकस मासा ओढायला लागला की दांडी कशी आवरायची. मी मुद्दाम चुका करायचे. शिकून झालं की हा जाईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. त्याला ते कळत असणार, कारण तो कधी चिडला नाही. पहिल्यापासून पुन्हा सांगायचा. होळीच्या आधी गेला.

दिवसकार्य उरकल्यावर घरात मीठसुद्धा संपलं, तेव्हा मी काठी घेऊन बांधावर गेले. दोन म्हाताऱ्या लांबून बघत उभ्या राहिल्या. पहिलाच मासा चांगला हातभर लांब तांब होता, रॉकेलचा वास मारणारा, पण जिवंत. मी दांडी फिरवत राहिले. बोट कुठे आपटलं नाही, मनगट कुठे भरून आलं नाही. मासा वर आला आणि मला त्या माणसाचा असा राग आला की काठी तिथेच टाकून मी त्याला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. उभ्या संसारात त्याने माझ्यासाठी बांगड्या आणल्या त्या एक तर हातात चढायच्या नाहीत, नाहीतर गळून पडायच्या. एकदा म्हणून माप जमलं नव्हतं त्याला.