कोणत्या वारी लागतो दिवा?

गाडीत चढण्याआधी चाचा चप्पल खाली काढायचे. पिकअप असो, रिक्षा असो, चिखलाने भरलेला ट्रॅक्टर असो. अनवाणी पायांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे आणि बोनेट न उघडता गाडीवाल्याकडे बघायचे. तो सांगू लागायचा, कोणत्या मिस्त्रीने काय बदललं, कोण काय म्हणालं. चाचा हात वर करायचे. "ते राहू दे. कधी होतं ते सांग."

जळगावात तुमची गाडी कधी बंद पडली असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. हायवेलगत पत्र्याचं दुकान, आत वायरींचे वेटोळे आणि साठी ओलांडलेले चाचा. दोन दुकानं सोडून आमचं गॅरेज होतं. तिथे मी स्कॅनरवर काम करायचो. गाडीला जोडला की बिघाडाचा कोड दाखवणारं ते यंत्र आसपास फक्त आमच्याकडे होतं. रांग मात्र त्यांच्याकडे.

मला त्यांचा हेवा वाटायचा. गाडीवाले त्यांना केळीची फणी आणून द्यायचे. चहावाला न सांगता त्यांच्या कपात जास्त साखर घालायचा. आमचा मालकसुद्धा वायरिंगची गाडी आली की तिकडेच पाठवायचा. मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत वाढलेला. देवघराच्या जागी आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे होते. ज्ञान एका माणसाच्या बोटांत राहू नये, ते लिहिलेलं आणि कोणालाही तपासता येईल असं असावं, असं मला वाटायचं. आजही वाटतं. पण तेव्हा या तत्त्वाआड माझा मत्सर निवांत बसलेला असायचा.

एकदा चोपड्याकडचा एक केळीवाला पिकअप घेऊन आला. डॅशबोर्डवर इंजिनातला बिघाड सांगणारा पिवळा दिवा लागलेला. मालक मला म्हणाला, "हा दिवा तू घालव. यापुढे एकही गाडी चाचांकडे जाणार नाही."

एवढंच मला हवं होतं. स्कॅनरने हवेच्या सेन्सरचा कोड दाखवला. मी सेन्सर बदलला, कोड पुसला. आठवड्याने गाडी परत आली, तोच दिवा, तोच कोड.

"शनवारलेच लागस भाऊ," केळीवाला म्हणाला. "दर शनवारले."

मी पेटलो. भर गॅरेजात त्याला ऐकवलं, शनीला तुझ्या पिकअपशी काय देणंघेणं? पुढच्या जाळीला लटकणाऱ्या लिंबू-मिरचीकडे बोट दाखवून आणखी ऐकवलं. तो मान खाली घालून उभा राहिला. गाडीचा कॉम्प्युटरच गेलाय, असा मी निकाल दिला. मालकाने चाचांना बोलावलं.

चप्पल खाली. अनवाणी सीटवर. केळीवाला सगळं सांगू लागला.

"ते राहू दे, नाना. कोणत्या वारले लागस?"

"शनवारले."

"सकाळी का सांजले?"

"सकाळी. लिंबू बांधीसन निंघस, अन् गावबाहेर दिवा लागस."

चाचा उतरले, गुडघ्यांवर बसले आणि जाळीत हात घातला. दर शनिवारी नवं लिंबू यायचं, जुन्याची तार तिथेच राहायची. सात-आठ तारा सेन्सरच्या वायरिंगला गुंडाळल्या होत्या. गाडीच्या हादऱ्यांनी वायरचं वरचं प्लास्टिक कापलं गेलं होतं, लिंबाचा रस झिरपून आतलं तांबं हिरवं पडलं होतं. नवी तार आवळली की कापलेल्या वायरी एकमेकींना टेकायच्या, तार सैल पडली की सुटायच्या.

चाचांनी तेवढा तुकडा बदलला. लिंबू फेकलं नाही, नंबर प्लेटच्या कोपऱ्याला सुती दोऱ्याने बांधलं. "आतेपासून इथं बांध."

पुढच्या शनिवारी दिवा लागला नाही. केळीवाला सांगायला आला, साडेसाती उतरली म्हणून. तो गेल्यावर मी चाचांवर चिडलो. "त्याला खरं का नाही सांगितलं?"

"वायर दाखवली, हिरवं तांबं दाखवलं. त्याने बघितलं. घरी जाऊन काय म्हणायचं ते त्याचं तो ठरवील." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला त्याने वार सांगितला होता ना?"

"हो."

ते पुन्हा हातातली वायर सोलू लागले. दोन शब्द सुनावले असते, तर मला त्यांच्याशी भांडता आलं असतं.

मागच्या वर्षी त्यांची नजर अधू झाली आणि ते धुळ्याला मुलीकडे गेले. पत्र्याच्या दुकानाला कुलूप आहे. आता वायरिंगच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे येतात. चहावाल्याचं साखरेचं माप माझ्यापुरतं अजून तेच आहे.

परवा एक अनोळखी ट्रॅक्टरवाला आला. माझ्या हातातल्या स्कॅनरकडे त्याने बघितलंही नाही. "धुळाले चाचाले फोन लावा व्हता," तो म्हणाला. "चाचा म्हने, त्या पोऱ्याकडे जाय. तो नीट देखस."

मला बरं वाटायला हवं होतं. मी किल्ली घेतली. माझ्याविषयी एवढं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि तेही बोलायचं तर त्यांनीच बोलावं, हे मला दिवसभर सलत राहिलं.