घरी करायची एक ओळ

माझ्याकडून घरी जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात अभ्यास शिल्लक नसायचा. हे मी तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला ऐकवत असे, आणि खोटं कशाला बोलू, आजही सांगताना मान थोडी ताठ होते. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आमची तीन मजली बिल्डिंग. तळमजल्यावर आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथे मी आजूबाजूची चौदा मुलं सांभाळायचे.

त्याला कोणी पाळणाघर म्हटलेलं मला खपत नसे. पाळण्यातलं एकही मूल मी कधी घेतलं नाही. माझी सगळी मुलं शाळेत जाणारी, पहिली ते चौथीतली, तोंडाने तिखट आणि पायाने चपळ. शाळा दोन पाळ्यांत भरायची. दुपारच्या शाळेची मुलं सकाळी आठला यायची. आईबाप कामावर निघताना सोडून जात. त्यांच्या वेण्या, डबे, इस्त्रीचे शर्ट, जोडीतला न सापडणारा मोजा हे सगळं उरकून बाराला मी त्यांना शाळेच्या फाटकात नेऊन सोडायची आणि त्याच फाटकातून सकाळच्या शाळेची मुलं घेऊन परत यायची. रस्ता ओलांडताना मी एवढ्या मोठ्याने ओरडायचे की रिक्षावाले आपोआप थांबत. आमचे हे जवळच्याच एका कंपनीत कामाला होते. ते म्हणत, "आमचा भोंगा बिघडला तर तुलाच बोलावणारेत."

दुपारी जेवणं, मग जरा आडवं व्हायचं. झोप कोणालाच यायची नाही, पण डोळे मिटायचे हा नियम होता. चारला दूध आणि साडेचारला सतरंज्या टाकून अभ्यास. सहापर्यंत एकही जागचा हलायचा नाही. दुपारच्या शाळेची मुलं सुटून आली की त्यांनाही तसंच बसवायचं. शुद्धलेखन, गणितं, पाढे, सगळं करून घ्यायचं, मी तपासायचं, चुकलं तर पुन्हा लिहायचं. मला अर्धवट काम बघवतच नाही. शिवाय माझं म्हणणं सरळ होतं. दिवसभर कचेरीत मान मोडून आलेल्या बाईने घरी येऊन कुकर लावावा की पाढे घ्यावेत? तिला मूल मिळावं ते जेवायला घालून झोपवायचं तेवढं बाकी असलेलं. त्या बायका मला दुवा देत, आणि मला ते आवडत असे.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तीही सकाळच्या शाळेत, त्यामुळे त्याच सतरंजीवर बाकीच्यांबरोबर बसायची. सगळ्यांच्या आधी तिचं लिहून व्हायचं, मग ती लहानग्यांच्या पेन्सिलींना टोकं काढून द्यायची. तिची मला काडीची काळजी नव्हती. इतरांच्या आया दिवसभर लांब असत, तिची तर समोरच होती.

आणि तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी होती, दुसरीतली. गप्प, नीटनेटकी, अक्षर असं सुरेख की मी तिची वही इतरांना दाखवायची. तिचे वडील ठाण्याच्या एका कारखान्यात होते, बहुतेक वेळा दुसऱ्या पाळीला, म्हणजे रात्री उशिरा घरी. आई शहरात एका कचेरीत टायपिस्ट. सातच्या सुमाराला ती घरी पोचायची, वर जाऊन कुलूप उघडायची आणि गॅलरीतून हाक मारायची, "ये गं वर!" की मुलगी दप्तर उचलून जिना चढून जायची. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

एका सोमवारी ही आई वही घेऊन माझ्या दारात उभी राहिली. कचेरीतले कपडेही बदलले नव्हते.

"वहिनी, राग मानू नका. पण हिचा अभ्यास तसाच येतोय वर. आज तिसरा दिवस."

"अहो, शक्यच नाही," मी म्हटलं. "दहा ओळी शुद्धलेखन माझ्यासमोर बसून लिहिलंय तिने."

तिने वही उघडली. वर तारीख होती आणि खाली काही नव्हतं. मुलगी आईच्या मागे उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मी विचारलं, "काय गं, लिहिलं होतंस ना?" तर मान हलली, पण ती हो होती की नाही, देव जाणे.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या पुढ्यात बसवलं, दहाच्या दहा ओळी लिहून घेतल्या आणि पानाखाली लाल शाईने ही एवढी मोठी बरोबरची खूण केली. म्हटलं, आता बोला.

साडेसातला आई पुन्हा दारात. पानावर माझी लाल खूण होती, आणि खुणेच्या वर सगळं कोरं. कोऱ्या पानाला शाबासकी देणारी बाई म्हणून मी तिथे उभी होते. बाकीच्या दोन आया मुलांना न्यायला आल्या होत्या, त्याही बघत होत्या. तिसऱ्या मजल्यावरची एरवी छान शहरी बोलायची, पण चिडली की थेट मालवणला पोचायची.

"वैनी, माका खोटा सांगू नकात. न बघताच खुणा करतास?" मग जरा सावरून म्हणाली, "आठ वाजता कुकर लावून मी हिला घेऊन बसते. आधी ओरडते, मग लिहून घेते. हे मीच करायचं तर तुमच्याकडे ठेवून उपयोग काय? शनिवारपर्यंत बघते. नाहीतर एक तारखेपासून स्टेशनजवळच्या क्लासला घालते. तिकडे साडेआठपर्यंत बसवून घेतात, सगळं करूनच पाठवतात."

रात्री मला जेवण गेलं नाही. एवढ्या वर्षांचं नाव, आणि एका दुसरीतल्या पोरीने मला तोंडावर पाडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोळे मिटून पडली असताना मी तिची वही काढली आणि खिडकीत नेऊन ते पान उजेडात तिरकं धरलं. ओळीन् ओळ दिसत होती. पेन्सिलीचे वळ कागदात उमटले होते, वरचं शिसं तेवढं खोडलेलं. दहाही ओळी, खोडरबराने, कोपऱ्यांपर्यंत. म्हणजे माझं काम चोख होतं आणि पोरगी वर जाता जाता ते पुसत होती. का, ते मात्र कळेना.

त्या संध्याकाळी वरून हाक आली, ती निघाली, आणि मी चपला न घालता तिच्या मागून गेले. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिना वळतो तिथे ती बसली होती. मांडीवर वही, हातात खोडरबर. घासायची, फुंकर मारून चुरा उडवायची, पुन्हा घासायची. लिहिताना जशी जीभ बाहेर काढायची तशीच जीभ काढून पुसत होती.

"हे काय चाललंय गं?" माझा आवाज तिन्ही मजल्यांना ऐकू गेला असणार. ती दचकली, वही खाली पडली. खरं सांगते, माझा हात उचललेला होता. वर्षभर मी जिच्या अक्षराचं कौतुक केलं ती पोर मला खोटं पाडत होती.

"मावशी, आईला सांगू नको ना."

"का पुसतेस ते सांग आधी."

तिने वही उचलली. मग वहीवरचा चुरा गोळा करत म्हणाली, "अभ्यास झालेला असला की आई म्हणते, गुणाची माझी बाय, जेव आणि झोप. राहिलेला असला की बसते."

"ओरडते ना पण?"

"ओरडते. पण शेजारी बसते."

मी तिच्या खालच्या पायरीवर टेकले. इतकी वर्षं मी मुलांची दप्तरं रिकामी करून पाठवत होते आणि त्याचा मला केवढा अभिमान होता. या मुलीची दिवसातली एकच जागा होती आईजवळ, आणि ती मी रोज साडेचार ते सहा मन लावून पुसत होते. आता क्लासला गेली तर तेही गेलं. साडेआठला येणार, अभ्यास झालेला असणार, जेव आणि झोप. आपण हे काय ओढवून घेतोय याची त्या पोरीला कल्पनाच नव्हती.

आईला जाऊन सगळं सांगावं असं आधी वाटलं. माझी बाजू खरी ठरली असती, तेही बिल्डिंगसमोर. पण ती बाई पहाटे पाचला उठते, डबे करते, दिवसभर टाइप करून रात्री नळाची वाट बघत बसते. तिला काय सांगू? तुझी मुलगी तू जवळ बसावीस म्हणून तुझा ओरडा खाते? रडली तरी वाईट आणि पोरीला मारलं तरी वाईट. शुक्रवारी मी तिसरा मजला चढले. ती कणीक मळत होती.

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," मी म्हटलं. "चौदा मुलं झालीत, मी पुरी पडत नाही. नऊ ओळी करून घेईन मी, शप्पत. दहावी मात्र मला जमणार नाही. तेवढी तुम्ही घ्या. पण शेजारी बसून घ्या, लिहायची सवय सुटायला नको तिची."

हे बोलताना माझी जीभ किती जड झाली होती ते माझं मला माहीत. पुरी पडत नाही, असं मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नव्हतं. ती कणकेचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"एकच ना?"

"एकच."

"बघू," ती म्हणाली. "तुम्ही कबूल तरी केलंत."

मुलीलाही मी बजावलं. नऊ ओळींना खोडरबर लागलं तर गाठ माझ्याशी आहे, पण दहावी तुझी, घरी न्यायची. तिने मोठ्या माणसासारखी मान डोलावली. त्या आठवड्याअखेरीपासून आठच्या सुमाराला जिन्यातून वरचा आवाज ऐकू यायला लागला. एक ओळ लिहायला दुसरीतल्या मुलीला दोन मिनिटं लागतात. ती ओळ अर्धा अर्धा तास चालायची. आधी ओळ, मग शाळेत काय झालं, मग कोण कोणाशी कट्टी, मधेच दोघींचं हसू. मी खाली भाकऱ्या थापत ऐकायचे आणि मला फार बरं वाटायचं.

एक तारखेला शाळेच्या फाटकातून ती नेहमीसारखी माझ्याबरोबर आली. क्लासचा विषय पुन्हा निघाला नाही. महिन्याभराने तिची आई जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "वहिनी, ती ओळ राहू दे हां तशीच. तेवढीच मी पण टेकते जरा."

मग काय, मी तो नियमच करून टाकला. चौदाही जणांनी एक ओळ घरी न्यायची. कोणाची शुद्धलेखनाची, कोणाचं एखादं गणित. एका मुलाचे वडील म्हणाले, "वहिनी, हे म्हणजे न्हाव्याने एक कल्ला ठेवून पाठवल्यासारखं झालं." मी म्हटलं, "तो कल्ला तुम्ही करा, आणि पोराला मांडीवर घेऊन करा." कुरकुर झाली, पण माझ्यापुढे फार वेळ कोणी कुरकुरत नसे. मुलं मात्र खुशीत असायची. कोणती ओळ ठेवायची यावर त्यांची भांडणं होत. मला वाटायला लागलं, चला, एकदाची घडी नीट बसली.

अशाच एका संध्याकाळी शेवटचं मूल गेलं. मी सतरंज्या झटकायला घेतल्या तर एक झटकता येईना, कारण तिच्यावर माझी मुलगी बसून होती. समोर वही उघडी.

"ऊठ गं. तुझं तर कधीच झालंय ना?"

"एक ओळ राहिलीये."

"मग सगळ्यांबरोबर का नाही केलीस? मघापासून नुसती टोकं काढत बसलीस." मी दमले होते, आवाज चढलाच.

"ती घरची आहे," ती म्हणाली. "सगळी गेल्यावर करायची."

तिने वही माझ्याकडे फिरवली. मागची पानं मी उलटून बघितली. गेल्या सगळ्या दिवसांच्या नऊ नऊ ओळी होत्या आणि प्रत्येक पानावर खाली एक ओळीची जागा सोडलेली. रोज तिने ठेवली होती, आणि रोज मी सतरंज्या गोळा करून तशीच स्वयंपाकघरात गेले होते. तिची वही मी तपासतच नसे. दिवसभर ती माझ्याच घरात होती आणि घरी यायची वाट बघत होती.

मी हातातली सतरंजी ठेवली आणि तिच्या शेजारी खाली बसले. ती जरा सरकून मला खेटली. मग तिने पेन्सिल उचलली, टोक बघितलं, आणि चांगलं अणकुचीदार असूनही पुन्हा नव्याने काढायला घेतलं, अगदी सावकाश.