ड्रमच्या झाकणाने पालीचा समुद्र पाहिला

"स्किमबोर्ड कोणता घ्यावा?" असं या ब्लॉगवर अधूनमधून कुणीतरी विचारतंच. बहुतेक जण गोव्याला जाऊन आलेले असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्किमबोर्ड म्हणजे ओल्या वाळूवरच्या बोटभर पाण्यावर फेकायची पातळ फळी. फेकायची, मागून धावायचं, तिच्यावर चढायचं आणि घसरत जायचं. चढल्यावर पडायचंही असतं, पण ते शिकवावं लागत नाही. उत्तर म्हणून मी नव्वदीच्या सुरुवातीची आमची एक सहल सांगतो. भाईंदर पश्चिम ते उत्तनजवळची पाली, एक दिवस, जेवण घरचं.

वसुधाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ अरविंद जहाजावर होता. त्या सुट्टीत त्याने कुठल्याशा अमेरिकन बंदरातून दोन फळ्या आणल्या. एक साधी, लाकडी, जवळजवळ गोल. दुसरी टोकदार, आत फोम, वरून चकचकीत फायबर, नाक वर उचललेलं. "एक तुमची, एक माझ्या जहाजावरच्या मित्राची. निवडा," म्हणाला. आम्ही गोल फळी पाण्याच्या ड्रमवर झाकली. अगदी मापात बसली.

अरविंदला आणखी एक उत्तर हवं होतं. त्याची गिरगावातली खोली वर्षातून दहा महिने बंद असायची. "ताई, फ्लॅट विका आणि खोलीत राहायला या. नाहीतर मी ती मामाच्या सुधीरला देतोय." वसुधा गिरगावची. लहानपणी शाळा सुटली की चौपाटीवर. मी तिला भाईंदरला आणलं ते 'समुद्र जवळ आहे' असं सांगून. तीन वर्षांत आम्ही तो एकदाही पाहिला नव्हता. पाणी एक दिवसाआड यायचं, तेही पहाटे. ती ड्रम भरताना म्हणायची, "समुद्राकाठी राहतो म्हणे. इथे ना समुद्र, ना पाणी."

मला भाईंदर सोडायचं नव्हतं. कर्ज काढून घेतलेली जागा, दाराला माझ्या नावाची पाटी. पण तिला 'राहू या' म्हणायची मला भीती वाटत होती, कारण ती खरोखरच नाही म्हणाली असती. म्हणून मी म्हणालो, "रविवारी फळ्या घेऊन पालीला जाऊ."

सकाळी स्टेशनबाहेरून उत्तनची बस पकडली. जाणाऱ्यांना सल्ला: भरतीची वेळ आधी विचारा. स्किमबोर्डला ओहोटी लागते. अरविंदने ती विचारली होती, मी डब्यात बटाट्याची भाजी आहे ना ते विचारलं होतं. कंडक्टर फळ्यांकडे बघून थबकला.

"ये क्या है? लगेज लगेगा."

"ड्रमचं झाकण आहे," वसुधा म्हणाली.

"और ये नोकवाला?"

"ते अजून ठरलं नाही."

त्याने लगेज लावलं नाही. मिठागरं सुरू झाली तशी वसुधा खिडकीला टेकली आणि पांढऱ्या ढिगांकडे बघत बसली. मी मिठागरांविषयी माहिती द्यायला लागलो. तिने डोळे मिटले.

उत्तनला उतरून पालीपर्यंत चालत गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली की फळ्या डोक्यावर घ्याव्या लागत. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते. वास येतो, पहिली दहा मिनिटं. सावलीत जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "ही फली कशाला हाय?"

"पाण्यावर उभं राहायला, मावशी," अरविंद म्हणाला.

"होडी न्हाय का तुमच्याकडं?"

आता मुद्द्याचं. टोकदार फळी लाटेसाठी असते. वाळूवरून घसरत समोरच्या लाटेत शिरायचं, तिच्यावरून वळून परत यायचं, त्यासाठी ते उचललेलं नाक. पालीची लाट ओहोटीला गुडघ्यापर्यंतही येत नव्हती. तरी मी तीच घेतली, कारण ती देखणी होती. फेकली, धावलो, चढलो. फळी जागच्या जागी वाळूत रुतली आणि मी एकटा पुढे गेलो.

"भावजी, तुमच्या वजनाला ही लहान आहे," अरविंद म्हणाला. हे आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं. वजन जास्त तर फळी मोठी, हा पहिला नियम.

मग गोल फळी. ही सपाट, उथळ पाण्यावर लांब जाते, नवशिक्यांना बरी. मी पाय ठेवला आणि ती सटकली. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. चौथ्या वेळी अरविंदने फळीवर हात फिरवून वास घेतला.

"खोबरेल?"

वसुधाने माझ्याकडे बघितलं. "आईंनी लावलंय. नवं लाकूड, पोळपाटासारखं तेल पाजलं नाही तर तडकेल म्हणाल्या. तीन दिवस रोज पाजत होत्या."

माझ्या आईने अमेरिकन फळीला तेल पाजलं होतं आणि त्याच बाजूला, जिथे पाय ठेवायचा. अरविंद वाळूत बसून हसला. वरच्या बाजूला मेण लावतात, पाय धरून राहावा म्हणून. मेण जहाजावर राहिलं होतं.

वसुधाने पिशवीतून मेणबत्ती काढली. "काय बघताय? भाईंदरला राहते मी. दिवे कधी जातील नेम नाही, मेणबत्तीशिवाय बाहेर पडत नाही."

तिने वाळूने फळी खसखसून घासली, पुसली, मग मेणबत्ती घासली. पोळपाट घासावा तशी, सगळ्या कडांपर्यंत. पंजाबी ड्रेसच्या सलवारीचे पाय वर खोचले. मला वाटलं, फळी मला देईल. तिने ती फेकली आणि धावली.

पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा दोन्ही पाय फळीवर राहिले आणि ती हात पसरून, ओढणी मागे उडत, माझ्यासमोरून सरळ निघून गेली. बराच वेळ गेली. मग बदकन बसली आणि मोठ्याने हसली. हे हसणं मी लग्नाआधी चौपाटीवर ऐकलं होतं. भाईंदरच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. माझ्या हातात टोकदार फळी होती, तीच घट्ट धरून उभा राहिलो.

"बाय, परत दाव!" म्हातारी ओरडली.

वसुधाने परत दाखवलं. भरती लागेपर्यंत दाखवत होती. पोळी-भाजी आम्ही उभ्यानेच खाल्ली. येताना म्हातारीकडून सुके बोंबील घेतले आणि बसमध्ये त्यांच्यामुळे आम्हाला बसायला भरपूर जागा मिळाली. अरविंदने विचारलं, "मग ताई, खोलीचं काय?" ती झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. मी रात्रभर जागा होतो.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा दिवस. मी उठलो तेव्हा ड्रम भरलेला आणि उघडा. फळी धुऊन, पुसून, गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलेली. अरविंद बॅग भरत होता.

"टोकदार तू ने," वसुधा त्याला म्हणाली. "आणि खोली सुधीरला दे."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ड्रमला झाकण आणा. उघडं राहिलंय."

मी चप्पल घालून तसाच स्टेशनजवळच्या प्लास्टिकवाल्याकडे गेलो. त्याने एक पातळ, एक जाड अशी दोन झाकणं काढली. "कौनसा दूँ?"

"जाडवाला दे दो, भाई," मी म्हणालो. "बहुत साल इधरीच रहने का है."