हात कोर्टात जमा

सर्व प्रवासी बंधू-भगिनींनी इकडे लक्ष द्यावे. पुढील निवेदन अत्यंत गंभीर स्वरूपाचे आहे. आमच्या रूटवरील एका इसमास माननीय कोर्टाने एक वर्षभर बस अडवण्यास मनाई केली होती, आणि सदर इसमाने ती मनाई इतकी मनावर घेतली, की आम्हाला नोकरी करणं मुश्कील झालं.

इसम म्हणजे आमचे आबा. मी त्या बसचा कंडक्टर. म्हणजे मी जे सांगतोय ते ऐकीव नाही, घंटीची दोरी हातात धरून पाहिलेलं आहे.

जामखेडकडच्या कोरड्या माळावर आमच्या रूटला एक फाटा लागतो. एक लिंब, अर्धं छप्पर उडालेला निवारा आणि त्यापुढे उभे आबा. सत्तरीला टेकलेले, अंगात बंडी, डोक्याला टोपी. उजवा पंजा ट्रॅफिक पोलिसासारखा ताठ वर. गावच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होते. घंटा त्यांनी दिली की शाळा भरायची, त्यांनी दिली की सुटायची. त्यामुळे दिलेल्या वेळेला दिलेली गोष्ट झालीच पाहिजे, असं त्यांचं भाबडं मत होतं. अशा माणसाचा बसशी संबंध येऊ नये. पण आला.

फाट्यावर त्यांचंच राज्य. आधी लेकुरवाळ्या बाया, मग पासवाल्या पोरी, मग म्हातारे, सगळ्यात शेवटी तरणे गडी. एखादा गडी मध्ये घुसला की आबा मागून त्याचा सदरा धरायचे. "तुला काय बाळातपणाला जायाचंय व्हय रं?"

आणि बस न थांबता गेली, की धुरळ्यात उभं राहून ओरडायचे, "आमी काय दगुड हाय व्हय?" मी आरशातून बघायचो. ऐकू यायचं नाही, पण वाक्य पाठ होतं.

बस का थांबायची नाही? भरलेली असायची. खच्चून. ड्रायव्हर गफूरमामा वेळेचे पक्के. ते विचारायचे, "कंडक्टर, घ्यायचे का?" मी डबल बेल मारायचो, म्हणजे 'न थांबता चला'. झालं.

एकदा असं लागोपाठ तीन दिवस झालं. फाट्यावरून कॉलेजला जाणाऱ्या चार पोरी तीन दिवस घरी परतल्या. त्यातली एक आबांची नात. तिचे आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. पोरगी आजोबांजवळ राहून अकरावी शिकत होती.

चौथ्या दिवशी आम्ही वळण घेतलं, तर रस्त्याच्या मधोमध बाज! बाजेवर आबा, मांडी घालून. गफूरमामांनी ब्रेक दाबला. आबा उठले, शांतपणे केबिनचं दार उघडलं, किल्ली काढली, बंडीच्या खिशात टाकली आणि पुन्हा बाजेवर बसून पान लावायला घेतलं.

"आबा, किल्ली द्या!"

"डेपोचा सायेब येऊ दे. त्येला इचारायचंय."

साहेब आला नाही, पोलीस आले. दोन तास गाडी उभी. केस झाली. साक्षीदार मी आणि गफूरमामा.

तालुक्याच्या कोर्टात आबांना विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" वकील त्यांच्या पायावर पाय देत होता. आबा म्हणाले, "कबूल. बाज बी माझीच."

न्यायाधीशांनी वय पाहिलं, पहिलाच गुन्हा पाहिला आणि तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. वर्षभर बस अडवायची नाही. वर्षभर कर्मचाऱ्यांशी भांडायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नगरला प्रोबेशनवाल्या मॅडमसमोर हजर व्हायचं. यातलं काही मोडलं, तर कोर्ट पुन्हा बोलावणार आणि लांबणीवर टाकलेली शिक्षा सुनावणार. वकिलाने बाहेर येऊन हिशेब सांगितला, "तीन महिने धरून चाला."

आबांनी तिथेच नातीकडे बघितलं. तीन महिने पोरगी एकटी गावात कोण ठेवणार? बाप येऊन तिला फडावर नेणार, आणि एकदा हातात कोयता आला की पुस्तक सुटलं. हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आता गंमत ऐका. नगरला जायला गाडी एकच. आमची.

पहिल्या सोमवारी फाट्यावर आबा उभे. दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट धरलेले. हात कुणी केला नाही, म्हणून गफूरमामा थांबले नाहीत. आबा चार किलोमीटर चालत पुढच्या गावच्या स्टँडवर गेले आणि तिथून दुसऱ्या कुणाच्या तरी टेम्पोतून नगरला पोचले.

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम गाडी थांबवली. "आबा, हात करायचा की!"

"न्हाई. कोर्टानं सांगितलंय, गाडी थांबवायची न्हाई."

"अडवायची नाही, आबा. हात करणं वेगळं."

"लिहून देता?"

मी कंडक्टर. मी तिकीट देतो, लिहून काय देणार?

मग त्यांनी तोड काढली. शेरडं वळणारी एक म्हातारी रोज तिथे असायची. तिला ते सांगायचे, "तू कर गं हात. माझा हात कोर्टात जमा हाय." म्हातारी हात करायची, आबा चढायचे. कधी हात केला म्हणून तीच चुकून चढायला लागायची आणि तिच्या मागोमाग शेरडं आमच्या पायरीवर पाय ठेवायची. ते दृश्य काय वर्णावं!

एकदा नगरला उतरल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "चला जरा मॅडमकडं. म्हैनाभर गाडी अडवली न्हाई, ह्याचा साक्षीदार म्हून कंडक्टरच आनलाय म्हनतो." गेलो. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. समोर फायलींचा ढीग.

"भांडण झालं का कुणाशी?"

"न्हाई."

"राग आला?"

"लई आला. गिळला."

"काही सांगायचंय?"

"बोरं आनलीत. गावची हायेत. गोड हायेत."

मॅडम हसल्या आणि वर्तणूक चांगली असा शेरा लिहिला. असे दहा महिने गेले. आबा गुणी होत चालले तसा फाटा बिघडत चालला. तरणे गडी आधी चढायला लागले. बस निघून गेली तरी धुरळ्यात आबांचं तोंड उघडताना दिसेना. खरं सांगतो, मला आरशात बघायची सवय होती, ती मोडताना जड गेलं.

अकराव्या महिन्यात बारावीची परीक्षा आली. पहिल्या पेपराच्या सकाळी मी मागे तिकिटं फाडत होतो. पुढून गफूरमामांचा आवाज आला, "घ्यायचे का?" मी न बघता डबल बेल मारली.

करकचून ब्रेक लागला. सगळी बस पुढे कोसळली. मी खांदे सारत पुढे गेलो. काचेपुढे दोन हातांच्या अंतरावर आबा उभे होते, रस्त्याच्या मधोमध. हात पसरलेले, डोळे मिटलेले. बाजूला चार पोरी, हातात परीक्षेची पॅडं.

पोरी चढल्या. आबा चढले नाहीत. नातीला म्हणाले, "निवांत लिही." मग मला म्हणाले, "जावा आता. मोडलं मी."

आता तुम्हीच सांगा, हे कोर्टाला कळणार कसं होतं? गफूरमामांनी तक्रार केली नाही. मी केली नाही. पण पहिला सोमवार आला, आणि मला पुन्हा मनगट धरून मॅडमकडे नेण्यात आलं.

"मोडलं, मॅडम," आबा बसायच्या आधीच म्हणाले. सगळं सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आबा, अहो महिनाच राहिला होता. सांगितलं नसतं तर?"

"तुमी दर म्हैन्याला इचारता, काय सांगायचंय का. ते काय उगाच इचारता?"

मॅडमनी फाईल पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मला लिहावं लागेल." आबा म्हणाले, "लिवा की." जाताना बोरांची पुरचुंडी टेबलावर ठेवली. त्या दिवशी ती कुणी उघडली नाही.

नोटीस आली, माझे नि गफूरमामांचे जबाब घेतले गेले, तारीख लागली. नातीचे दोन पेपर अजून शिल्लक होते. तिकडे फडावरून बापाचा फोन, "आबा आत गेला तर मी येतो आनि पोरीला घिऊन जातो." तारखेच्या आदल्या दिवशी आबा बसमध्ये माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मी नसलो तर दोन सकाळी तेवढी गाडी हुबी करा. पुन्हा काय मागनार न्हाई." मला तिकिटाचा आकडा सुचेना.

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण मलाच धीर धरवत नाही. किरकोळ दंड झाला, ताकीद मिळाली, बंधपत्र तसंच पुढे चालू राहिलं. पोरीने दोन्ही पेपर दिले. आज ती नगरला नर्सिंग शिकते आणि आमच्याच गाडीने येते-जाते. आबा गेल्या वर्षी गेले, झोपेत, कुणालाही न अडवता. फाट्यावर आता तरणे गडीच आधी चढतात आणि कुणी कुणाचा सदरा धरत नाही.

पण तो निकाल लागला कसा, ते ऐका. मॅडमचा अहवाल वाचून झाला. आबा खाली मान घालून उभे. गफूरमामांना साक्षीला बोलावलं. शपथ घेतलेली, त्यामुळे मामा आधीच घामाघूम.

"या इसमाने बस अडवली?"

"व्हय."

"शिवीगाळ केली?"

"न्हाई."

"मग तुम्ही काय केलं?"

"चार पोरी चढवल्या, सायेब."

न्यायाधीशांनी कागद चाळला. "तुमच्या जबाबात आहे की बस पूर्ण भरली होती, म्हणून थांबवणार नव्हता. मग चार जणींना जागा कुठून झाली?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पंखा फिरत होता. मामांनी टोपी काढली, घाम पुसला, आणि भर कोर्टात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"जागा व्हय? जागा तर रोजच असती, सायेब!"