कार्यवाहीत नावं नसतात

मी विधानसभेत प्रतिवेदक होतो. सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसायचं आणि सदस्य बोलतील ते लघुलिपीत उतरवायचं. नोकरी इमानाने केली, असं कालपरवापर्यंत छाती पुढे काढून सांगायचो.

माझा थोरला भाऊ, दादा, जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावी मेंढरं राखायचा. गायरानं दुसऱ्या कामांना देणं सोपं करणारं एक विधेयक येणार असं कळल्यावर तो वस्तीवरची माणसं घेऊन आमदारांच्या घरी गेला. आमदारांनी चहा पाजला आणि विधेयकाविरुद्ध मत देण्याचा शब्द दिला. दादाने तो घरोघर पोचवला. वस्तीने विश्वास ठेवला तो दादावर, आमदारांवर नव्हे.

विधेयक मतास टाकलं तेव्हा टेबलावर पाळी माझीच होती. थोड्याच वेळापूर्वी अर्थसंकल्पाच्या उरलेल्या मागण्या चर्चेविना एका दमात मंजूर झाल्या होत्या, सगळे उठायच्या घाईत होते. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, असं अध्यक्षांनी म्हणताच गलका झाला. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, यावर दोन-तीनच आवाज आले. मी मान वर करून पाहिलं. आमचे आमदार जागेवरच होते, मिठाची गुळणी धरून. मी लिहिलं, विधेयक संमत झाले. मतविभाजन मागितलं तरच नावं नोंदवतात, आणि ते कुणी मागितलं नाही.

दिवाळीत घरी गेलो तर दादाने विचारलं, "तू तिथंच बसल्ता ना? आमदार न्हाई म्हणले का?"

"आवाजी मतदान होतं, दादा. कोण काय म्हणालं याची नोंद नसते."

वेड पांघरून पेडगावला गेलो, दुसरं काय. सरकारी नोकरी, सभागृहाची शिस्त, अशी कारणं मी मनाला दिली. खरं तर दादाचा पडलेला चेहरा बघायची माझ्यात हिंमत नव्हती. त्याने वस्तीला सांगितलं की आमदारांनी शब्द पाळला, पण बाकीच्यांपुढे त्यांचं चाललं नाही. पुढच्या निवडणुकीत अख्खी वस्ती त्याने त्यांच्यामागे उभी केली.

मी निवृत्त होऊन गावी आलो तोवर गायरानाला तारेचं कुंपण पडलं होतं आणि दादाने मेंढरं विकली होती. एका दुपारी त्या कुंपणापाशी त्याने पुन्हा तेच विचारलं. कार्यवाहीत नावं नसतात, असं मी पुन्हा सांगितलं.

"मी कागदाला न्हाई विचारून राह्यलो," तो म्हणाला. "तुला विचारून राह्यलो."

मग सांगितलं. आमदार बसून होते, त्यांनी तोंड उघडलं नाही.

"तुला तवाच माहीत होतं?"

"होतं."

तो तारेकडे पाठ करून वळला. मग वस्तीकडे चालू लागला. मीही येतो म्हणालो.

"येऊ नको. त्यायला मी सांगितल्तं, आता मीच सांगतो."

तरी मी मागोमाग गेलोच. प्रत्येक दारात थांबून दादा एवढंच म्हणाला, "आमदार न्हाई म्हणलेच न्हाईत. मी तुम्हाला खोटं सांगितल्तं." माझं नाव त्याने एकाही दारात घेतलं नाही. त्याच्या मागे उभा राहून मीही ते घेतलं नाही.