दुपारी अडकणारी गाडी

रेवा आणि ओंकार, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमचे चेहरे मध्येच गोठले आणि मी अशी काही ओरडले की तुम्ही दोघं हसत सुटलात. "आजी, नेट स्लो आहे फक्त!" खरंय, नेटच स्लो होतं. पण मी का ओरडले, ते तुम्हाला एकदा सांगायला हवं. तुमच्या बाबाला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही आई, पण मला वाचायला देऊ नकोस."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी आणि विज्ञान शिकवलं. तुमच्या बाबाची कधी दृष्ट काढली नाही, अमावास्या बघून प्रवास टाळला नाही. कुणी भुताखेताचं सांगू लागलं की मी विचारायची, "तेव्हा लाइट होती का घरात?" माझ्या बाबतीत लाइट होती. भर दुपार होती. तरीही...

नव्वदच्या दशकाची अखेर. आम्ही ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. तुमच्या आजोबांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या मोठ्या प्रेसवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. हृदयाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. यंत्रांच्या आवाजात वावरलेला माणूस गॅलरीत बसून डेपोतल्या गाड्या मोजायचा. बघवत नसे.

तुमच्या बाबाने, म्हणजे हेमंतने, नुकत्याच लागलेल्या नोकरीच्या पगारातून घरात पीसी आणला होता. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. आजोबा आधी नुसते टोमणे मारायचे. "इंजिनिअर केला, तर हा खोट्या गाड्या चालवतोय!" मग एका दुपारी मी बघते, तर स्वारी स्वतःच खुर्चीत, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि गाडी वळली की हे खुर्चीसकट वळतायत. कितीतरी महिन्यांनी त्यांना हसताना पाहिलं.

म्हणून हेमंतने गेम आणखी छान दिसावा यासाठी ग्राफिक्स कार्ड आणलं. नेमकी त्या दिवशी खंडेनवमी होती. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची आणि पूजा झालेलं यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी चालवायचं नाही, ही तिथली शिस्त. आजोबांनी पाटावर आपला मायक्रोमीटर आणि नट आवळायचे पाने मांडले होते. हेमंतच्या हातातून कार्ड घेऊन त्यांनी तेही मांडलं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल.

"बाबा, अहो सर्किट आहे ते! कुंकू काय लावताय?"

"यंत्र आहे ना? मग गप बस."

मग त्यांनी त्यावर उजवा तळवा ठेवला आणि प्रेसला म्हणायचे तेच म्हणाले, "तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो." मी मिश्कील हसल्याचं आठवतं.

दसऱ्याला हेमंतने कार्ड बसवलं. चित्र खरोखरच सुरेख दिसू लागलं, पण गेम आधीपेक्षा स्लो झाला. गाडी सुसाट जाता जाता पडदा क्षणभर थिजायचा, मग पुढे सरकायचा. आजोबा वैतागले. हेमंतने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकलं. मॉनिटरची वायर तपासली. शेवटी बाळकुमच्या पाटलांना बोलावलं. हा पीसी त्यांनीच जोडून दिला होता. मोठ्या आवाजाचा, सतत थट्टा करणारा माणूस.

पाटलांनी कार्ड उपसलं आणि हसायलाच लागले. "काकू, ही काय हळदीकुंकवाला आणलेली सवाष्ण हाय का? स्लॉटमध्ये पण कुंकू भरलंय!" त्यांनी ब्रशने स्लॉट झाडला, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या आणि गेम लावला. लोण्यासारखा चालला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

पाटील आणखी दोनदा आले. त्यांना यायला जमायचं ते संध्याकाळी, आणि संध्याकाळी गेम एकदाही अडकला नाही. "काका, तुमीच ब्रेक दाबत असाल," ते म्हणाले.

"चाळीस टनी प्रेस चालवलाय मी, हे बटण दाबता येत नाही होय?" आजोबा तडकले.

हेमंतने दुपारच्या कमी व्होल्टेजवर संशय घेतला. स्टॅबिलायझर लावला. फरक नाही. फक्त दुपारी, जेवणानंतरपासून चहाच्या वेळेच्या गोळ्या घेऊन होईपर्यंत, गाडी अडकायची. गोळ्यांचा आणि त्याचा संबंध तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

डॉक्टरांनी मला त्यांची नाडी बघायला शिकवलं होतं. मध्येच एखादा ठोका चुकतो का, यावर लक्ष ठेवा, म्हणाले होते. एका दुपारी गेम सोडून हे उठेनात, म्हणून मी स्टूल ओढून शेजारी बसले आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. ते उजव्या हाताने गाडी हाकत होते. मी बोटं मनगटावर ठेवली.

ठक, ठक, ठक... आणि नाही. ठोका चुकला. मी सहज वर पाहिलं. पडदा थिजला होता.

पुन्हा ठक, आणि गाडी पुढे.

योगायोग, मी स्वतःला म्हटलं. पुढचा ठोका चुकला. पडदा थिजला. त्यानंतरचा चुकला... पडदा पुन्हा थिजला. बाहेर ऊन होतं, डेपोत कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, आणि मी नवऱ्याचा हात धरून त्या पडद्याकडे बघत होते.

"काय गं, अशी पांढरी का पडलीस?"

"काही नाही. ऊन लागलंय."

हेमंतला सांगितलं, तेव्हा तो हसला. "आई, तू? तू असलं बोलतेस?" म्हणून पुढच्या सुट्टीच्या दुपारी मी प्रयोग मांडला. शाळेत मांडत असे तसाच. आजोबा पलंगावर वामकुक्षी घेत होते, मी पडद्याकडे पाठ करून त्यांची नाडी धरून बसले. गेम हेमंत खेळत होता, त्याचीही आमच्याकडे पाठ. माझ्याकडे ठोका चुकला की मी पितळी भांड्यावर चमचा वाजवायचा. त्याच्याकडे गाडी अडकली की त्याने टाळी वाजवायची.

चमचा आणि टाळी. चमचा आणि टाळी. प्रत्येक वेळी एकदमच.

शेवटी हेमंतची टाळी थांबली. मी वळून पाहिलं, तर त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. "आई, बंद करू?" इतकंच तो म्हणाला. आणि बंद करायचं म्हटल्यावर दोघांपैकी कुणाचाच हात बटणाकडे जाईना. रोज आपण तो बंद करतोच की, आजवर काही झालं नाही, असं मी स्वतःला बजावलं. तरी त्या दिवशी बटण दाबताना मी आजोबांचं मनगट सोडलं नाही.

डॉक्टरांना एवढंच सांगितलं की ठोके फार चुकतायत. त्यांनी गोळ्या बदलल्या. गेम बराच सुधारला. आजोबा खूश. आम्ही मायलेक मात्र आता कुणी खेळत नसतानाही गेममधली आपोआप पळणारी शर्यत चालू ठेवू लागलो आणि येताजाता पडद्यावर नजर टाकू लागलो. एकमेकांशी याबद्दल बोलायचो नाही.

मग तो रविवार आला. आजोबा आपल्या बहिणीकडे, मालूताईंकडे, डोंबिवलीला जेवायला गेले होते. मी डाळ निवडत होते. हेमंत खेळत होता, गाडी छान पळत होती.

"आई, हँग झालं."

मी उठून आले. गाडी वळणावर थांबलेली. मी पुढच्या क्षणाची वाट पाहिली. पडदा हलला नाही.

"रिसेट मारतो..."

"हात लावू नकोस!" मी त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने फोन ओढला. लाइन लगेच लागली, हे आमचं नशीब.

"मालूताई, हे कुठे आहेत?"

"दादा? जेवून आडवा झालाय. काय गं वहिनी?"

"उठवा त्यांना. आत्ता!"

"अगं, आत्ताच डोळा लागला..."

"मालूताई, उठवा!"

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज. मग त्यांची हाक, "दादा... ए दादा..." मग किंकाळी. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टर राहायचे. धावत्या पावलांचा, खुर्ची पडल्याचा आवाज आला. मी फोन कानाशी घट्ट धरून पडद्याकडे बघत होते. हेमंत जमिनीवर बसला होता आणि लहान मुलासारखा पुटपुटत होता, "चल ना... चल ना रे..."

फोनमधून छातीवर जोर देत असल्याचे दबके आवाज येत होते. गाडी तसूभर सरकली. थांबली. पुन्हा सरकली. थांबली. आणि मग, कुणी बटणाला हातही लावलेला नसताना, तिने वळण घेतलं आणि ती रस्त्याला लागली.

"वहिनी," मालूताई रडत फोनवर आल्या, "दादाने डोळे उघडले गं."

त्यानंतर आजोबांना पेसमेकर बसवला. गेम पुन्हा कधी अडकला नाही, दुपारीसुद्धा. आजोबांना आम्ही कधीच काही सांगितलं नाही. "त्या पाटलाने शेवटी केलं तरी काय?" ते विचारायचे आणि हेमंत विषय बदलायचा. पुढे पीसी बिघडला, भंगारात गेला. त्यानंतरही आजोबा बरीच वर्षं जगले, तुम्हा दोघांना मांडीवर खेळवून झोपेतच गेले. तेव्हा घरात कुठलाच पडदा थिजला नाही.

पाटलांना एकदा बोलता बोलता सारं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच थट्टा केली नाही. मी वाचलं, विचारलं, ओळखीच्या प्राध्यापकांना गाठलं. सगळे योगायोग म्हणतात. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण चमचा माझ्याच हातात होता. मला याचं उत्तर माहीत नाही, आणि आता ते मिळेल असं वाटत नाही.

म्हणून सांगते पोरांनो, तुमचे चेहरे स्क्रीनवर थांबले की मला हसू नका. मला ठाऊक आहे, तिथे तुम्ही खिदळतच असता. पण इथे माझी बोटं आपोआप टेबलाच्या कडेवर जातात, मनगट शोधत. आणि तुमच्यापैकी कुणाची तरी पापणी हलेपर्यंत मी श्वास घेत नाही.