विसावं पोरगं

आमच्या गावात सकाळी कॉन्व्हेंटची पिवळी गाडी आली, की म्हशीसुद्धा अदबीनं बाजूला सरतात. माझ्या सरकारी शाळेसाठी कोंबडीही हलत नाही.

नांदगाव खंडेश्वरकडच्या त्या शाळेचा मी मुख्याध्यापक. हाताखाली एक मॅडम, संपला स्टाफ. त्या वर्षी पट एकोणीसवर अडकला. वीस झाले नाहीत तर शाळा शेजारच्या गावात विलीन आणि मॅडमची बदली, असं वरून बजावलं होतं.

निघालो विसावं पोरगं शोधायला. घरोघरी इतका चहा प्यालो, की तेवढ्यानं गावची विहीर भरली असती. एका घरी पाळण्यातल्या बाळाचं नाव लिहू लागलो, तर त्याच्या मायनं रजिस्टरच हिसकावलं. शेवटी वेशीजवळच्या काकाजींचं घर उरलं. त्यांचा नातू सहा वर्षांचा, कॉन्व्हेंटमध्ये जायच्या तयारीत. मी शाळेची तारीफ सुरू केली. खिचडी, गणवेश, पुस्तकं, सगळं फुकट. बोलण्याच्या भरात आमच्या शाळेतून निघालेले दोन-तीन शास्त्रज्ञही सांगून टाकले.

काकाजी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत ऐकत होते. मग म्हणाले, "गुरुजी, तुमची पोरगी कुठी शिकून राहिली?"

आमचं बिऱ्हाड अमरावतीत आणि पोरगी तिथल्याच कॉन्व्हेंटच्या पहिलीत. मला एकाएकी खोकला आला.

"आधी तिले आणा. मंग आमचा पोट्टा तुमचाच."

घरी सांगितलं तेव्हा कुकरसुद्धा शिट्टी द्यायचा थांबला. बायकोचं म्हणणं एवढंच, की लोकांची पोरं बिघडवायचा पगार मिळतो ना, मग घरची कशाला? आठवडाभर भांडलो. शेवटी दाखला काढला, पोरीला मोटरसायकलवर पुढं बसवलं आणि रजिस्टरात विसावं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी छाती काढून काकाजींकडे गेलो. दारात पिवळी गाडी उभी, नातू टाय लावून आत चढतोय.

"काकाजी, हे काय?"

"किती झाले तुमचे?"

"वीस."

"पायजे किती होते?"

"वीसच."

"मंग भरला ना पट. आता आमच्या पोट्ट्याले कायले तरास?"

शाळा वाचली, मॅडम टिकल्या. पोरगी महिनाभरात झकास वऱ्हाडी बोलायला लागली. बायको मात्र माझ्याशी अजून कोणत्याच भाषेत बोलत नाही.